रिलीज नोट्स वाचणारे आहेत

रिलीज नोट्स, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत काय बदललं याची टिपणं, कोणी वाचत नाही, त्यामुळे 'किरकोळ दुरुस्त्या' एवढं लिहिलं तरी चालतं, हे एका लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. नागपुरात धंतोलीला आमच्या ऑफिसात 4 जीबी रॅमची जुनी मशिनं आहेत. गेल्या वर्षी डेबियन 13 ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम टाकण्याआधी तिच्या नोट्स वाचल्या, तेव्हा कळलं की तात्पुरत्या फायलींचं टीएमपी फोल्डर आता डिस्कऐवजी रॅममध्ये राहतं आणि निम्म्या रॅमपर्यंत जागा घेऊ शकतं. आमचे स्कॅन तिथेच साठतात! जुनी पद्धत परत आणायची कमांडही खालीच दिली होती. सॉफ्टवेअरची पॅकेज बनवणाऱ्यांनो, विंडोजच्या इन्स्टॉलरसोबतही असंच नीट लिहून द्या. आम्ही वाचतो, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.