अपेंडिक्स, प्रतिजैविके आणि ऊसतोडीचा हंगाम : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय गुरुजी,

अपेंडिक्सला सूज आल्यावर शस्त्रक्रियेऐवजी प्रतिजैविके देण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. फिनलंडच्या रुग्णांवरून काढलेले निष्कर्ष धारूर-वडवणीच्या माणसाला लावणे गैर आहे, दहापैकी चार जणांचे अपेंडिक्स पुढे काढावेच लागते तर ते आधीच का काढू नये, आणि असे लेख वाचून लोक दुखणे अंगावर काढतील, असे आपले आक्षेप आहेत.

दहापैकी चार हा आकडा बरोबर आहे. फिनलंडमधील ‘अपॅक’ या चाचणीत ५३० रुग्णांना चिठ्ठ्या टाकून शस्त्रक्रिया किंवा प्रतिजैविके दिली गेली. प्रतिजैविके मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांचे अपेंडिक्स वर्षभरात काढावे लागले आणि पाच वर्षांत हे प्रमाण ३९ टक्क्यांवर गेले. आपल्या बाजूचा याहून भक्कम मुद्दा मात्र आपल्या प्रतिक्रियेत आलेला नाही. दोन उपचारांच्या यशातील फरक २४ टक्क्यांच्या आत राहिला तरच प्रतिजैविके शस्त्रक्रियेच्या तोडीची मानायची, असे संशोधकांनी आधीच ठरवले होते. प्रत्यक्षात तो २७ टक्के आला आणि ही कसोटी पार झाली नाही, असे त्यांनी २०१५ च्या अहवालात स्वतःच नोंदवले. आता शस्त्रक्रियेची गरजच उरली नाही, असे जो सांगतो, त्याने हे वाक्य वाचलेले नाही.

तरीही ज्यांची शस्त्रक्रिया पुढे गेली त्यांचे काय झाले, हे पाहिल्याशिवाय निवाडा करता येत नाही. पहिल्या वर्षात शस्त्रक्रिया झालेल्या ७० जणांपैकी ५८ जणांचा आजार तेव्हाही साधाच होता, ७ जणांचा गुंतागुंतीचा निघाला आणि ५ जणांच्या अपेंडिक्सला सूजच नव्हती. पाच वर्षांत, जखमेत पू होण्यापासून व्रणाच्या दुखण्यापर्यंत सारे धरून, शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे २४ टक्के रुग्णांना काही ना काही त्रास झाला. प्रतिजैविकांच्या गटात हे प्रमाण साडेसहा टक्के होते. यातील बहुतेक शस्त्रक्रिया पोट उघडून केलेल्या होत्या, त्यामुळे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला हा आकडा जसाच्या तसा लावू नये. परंतु वाट पाहणे म्हणजे जिवावर उदार होणे, ही समजूत या नोंदींतून टिकत नाही.

परदेशी संशोधनाबद्दल म्हणाल, तर बीडच्या माणसाचे अपेंडिक्स फिनलंडच्या माणसापेक्षा वेगळे नसते. वेगळे असते ते त्याच्या भोवतीचे सारे. त्या चाचणीत १८ ते ६० वयाचे आणि सीटी स्कॅनने निदान पक्के झालेले रुग्णच घेतले होते. अपेंडिक्स फुटलेले, गळू झालेले किंवा आत खडा असलेले रुग्ण वगळले होते. खड्याची अट किती महत्त्वाची आहे, हे अमेरिकेतील १,५५२ रुग्णांच्या ‘कोडा’ चाचणीने दाखवले. तिथे प्रतिजैविके घेतलेल्यांपैकी खडा असलेल्या ४१ टक्के आणि खडा नसलेल्या २५ टक्के रुग्णांवर ९० दिवसांतच शस्त्रक्रिया करावी लागली. आपल्याकडे तालुक्याला पुष्कळदा फक्त सोनोग्राफी होते आणि ‘अपेंडिक्स दिसले नाही’ एवढाच रिपोर्ट हाती येतो. तेवढ्या आधारावर या चाचणीचा दाखला देऊन उपचार सुरू करणे चूकच आहे. उपचारही म्हणजे मेडिकलमधून आणलेली गोळ्यांची पट्टी किंवा गावच्या दवाखान्यातले एक सलाइन नव्हे. रुग्णालयात तीन दिवस शिरेतून इर्टापेनेम आणि नंतर सात दिवस लिव्होफ्लॉक्सासिन व मेट्रोनिडाझोल, असा तो क्रम होता. त्यामुळे दुखणे अंगावर काढण्याबद्दलची आपली काळजी रास्त आहे. पण असे दुखणे अंगावर काढायला ती चाचणी सांगत नाही.

आपण पुतण्याचे उदाहरण दिले आहे. तो ऊसतोडीला जातो आणि दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात उतरतो. माझ्या मते आपल्या प्रतिक्रियेतला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. आजार उलटण्याची शक्यता पहिल्या वर्षात सर्वाधिक असते, आणि ते वर्ष तो फडावर, कोपीत, मुकादमाची उचल अंगावर घेऊन काढणार असेल, तर रात्री पोटात दुखू लागल्यावर तो किती तासांत सर्जनपर्यंत पोहोचेल, याचे उत्तर कोणत्याही चाचणीत मिळत नाही. अशा माणसाने आधीच शस्त्रक्रिया करून घेतली, तर तो निर्णय मी शहाणपणाचाच मानेन. मात्र हंगामाचे कारण त्याचे स्वतःचे असले पाहिजे, मुकादमाचे किंवा रुग्णालयाचे नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची गर्भाशये काढल्याच्या प्रकरणात २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती. ‘एकदाचे काढून टाका’ हा सल्ला कोण, कोणाच्या सोयीसाठी देतो, हे तपासण्याची गरज आपल्या भागाला तरी समजावून सांगायला नको.

सीटी स्कॅन झालेला असेल, तर आत खडा आहे का, हे पुतण्याला सर्जनना स्पष्ट विचारायला सांगावे. असेल तर प्रतिजैविकांचा विचार सोडावा. नसेल आणि त्याने प्रतिजैविकांचाच मार्ग निवडला, तर डिस्चार्ज कार्ड व स्कॅनचा रिपोर्ट त्याने फडावर सोबत ठेवावा, आणि ताप किंवा उलट्यांसह दुखणे पुन्हा सुरू झाल्यास गावी परतण्याची वाट न पाहता तिथल्याच सर्जनकडे जावे.