कोरियाचं नाव घ्यायचंच असेल तर

महाराजांच्या बारा किल्ल्यांना २०२५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद धुमसतोय. पुण्याचा मावसभाऊ म्हणतो, "किल्ले-पुतळ्यांत रमलो म्हणून मागे राहिलो. कोरियाकडे बघा, ते चिप बनवतात."

कोरियाकडे मी रोज बघतो. सुवॉनला राहतो, पोट चिपवरच आहे. म्हणून हे वाक्य मला जास्त झोंबतं.

मेट्रोच्या एक नंबरच्या लाइनने ओन्यांगला उतरून असानच्या ह्यनचुंगसाला जावं. सोळाव्या शतकात जपानी आरमाराशी लढलेल्या कोरियन दर्यासारंग यी सुन-सिनचं हे स्मारक. पुढे विसाव्या शतकात, जपानी राजवटीत, त्याच्या घराण्याची जमीन कर्जापायी लिलावात निघणार होती. बातमी छापून आली आणि हजारो सामान्य माणसांनी पैसे पाठवले. कर्ज फिटलं, उरलेल्या पैशांतून १९३२ मध्ये देऊळ पुन्हा उभं राहिलं. गुलाम देशाने हे केलं, चिप बनवायच्या कितीतरी आधी!

तिथल्या संग्रहालयात त्याच्या दोन तलवारी आहेत, माणसापेक्षा लांब, जवळजवळ दोन मीटर. पण मी दरवेळी रेंगाळतो तो त्याच्या रोजनिशीपाशी. १५९७ मध्ये राजाने त्याला तुरुंगात टाकलं, पद काढून साधा शिपाई केलं. त्याच वर्षी आई गेली, धाकटा मुलगा मारला गेला. तेरा जहाजं घेऊन त्याने शंभरावर जपानी जहाजं परतवली, तीही त्याच वर्षी. आजारपण, घाम, रडणं, सगळं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. ते वाचून इथे कुणाच्या भावना दुखावत नाहीत.

वाद इथेही होतात. सोलच्या ग्वांगह्वामुन चौकातल्या त्याच्या १९६८ च्या पुतळ्याने म्यानातली तलवार उजव्या हातात धरलीय, मग ती उपसणार कशी, म्हणजे शरण आलाय का, यावर लोक वर्षानुवर्षं भांडले. तो पुतळा २०१० मध्ये दुरुस्तीला उतरवला आणि नीट करून परत बसवला. आमचा मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा वर्षभरही टिकला नाही, ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. मावसभावाने चिडायचंच असेल तर त्यावर चिडावं. पुतळा उभारला हा गुन्हा नव्हे, बेपर्वाईने उभारला हा आहे.

ह्यनचुंगसाच्या पायऱ्यांवर माझे हात आपोआप जुळतात, आणि मला हेवाही वाटतो. तो सेनापती माझा नाही, कितीही वर्षं राहिलो तरी होणार नाही. माझ्या मुलीचा मात्र झालाय. शाळेच्या सहलीहून आली की ती त्याची कासवाच्या पाठीसारखी लढाऊ जहाजं कागदावर काढत बसते. सिंधुदुर्ग तिने फक्त फोटोत पाहिलाय, आणि हे मला फार लागतं.

येत्या मे महिन्यात तिला घेऊन मालवणला येतोय. मावसभावानेही यावं. किल्ल्यांमुळे आपण मागे राहिलो, हे त्याने तिला सिंधुदुर्गाच्या तटावर उभं राहून सांगावं. ती त्याला तेरा जहाजांचा हिशेब विचारेल.