डावीकडे कार्ड, उजवीकडे डिस्क
विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये टॅब आले, आता वेगळा फाइल मॅनेजर कशाला, हे लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. टॅब आले २०२२ मध्ये. टोटल कमांडर हा असाच वेगळा फाइल मॅनेजर, तो १९९३ पासून फोल्डरांचे दोन रकाने शेजारीशेजारी दाखवतोय. नौपाड्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे दोन-अडीच हजार फोटो उतरवायचे तर डावीकडे कॅमेऱ्याचं कार्ड, उजवीकडे डिस्क, कॉपीसाठी एफ५, एंटर, झालं. कंट्रोल-एम दाबून 'डीएससी_०४१७'चं 'हळद_००१' करता येतं, सगळ्यांचं एकदम. दिसायला ओबडधोबड आहे, मान्य. शिवाय लायसन्स घेईपर्यंत सुरू होताना दर वेळी १, २, ३ पैकी एक बटण दाबायला लावतो (मी घेतलं, उशिरा का होईना). फुकटच हवा तर डबल कमांडर बघा, लिनक्सवरही चालतो. फक्त एफ८ जपून, ते डिलीट आहे. आमच्या पोऱ्याने एकदा अख्खा साखरपुडा रिसायकल बिनमध्ये धाडला होता!