मेम्ब्रेनमधून पार होणाऱ्या गोष्टींचे काय?

‘सिरॅमिक मेम्ब्रेन बसवले की तेलशुद्धीकरण कारखान्याचे सांडपाणी थेट पुनर्वापरायोग्य होते’ हे सिरॅमिक मेम्ब्रेनवरच्या (म्हणजे सिरॅमिकच्या, अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीवरच्या) लेखातील विधान मला पटले नाही. अशा मेम्ब्रेनने होणाऱ्या अल्ट्राफिल्ट्रेशनची (अतिसूक्ष्म गाळण्याची) ०.०१ ते ०.१ मायक्रॉनची छिद्रे इमल्शनच्या रूपात, म्हणजे पाण्यात मिसळून, राहिलेले तेलाचे बारीक थेंब उत्तम अडवतात आणि आपल्याकडची लिटरला ५ मिलिग्रॅम ही तेल व ग्रीसची मर्यादाही त्यामुळे आवाक्यात येते. परंतु विरघळलेले फिनॉल, बेंझीन आणि क्षार त्याच छिद्रांतून सहज पार होतात, त्यांच्यासाठी जैविक प्रक्रिया आणि पुढे आरओ लागतेच.

अशा प्रकल्पात काम करताना मी पाहिले आहे की, आधीच्या डीएएफ टाकीवरचा (हवेच्या बारीक बुडबुड्यांनी तेल वर तरंगवणाऱ्या टाकीवरचा) तेलकट फेस नीट काढला गेला नाही, तर मेम्ब्रेनवर तपकिरी, चिकट थर बसतो, दाबमापकाचा काटा चढत जातो आणि गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धुऊनही प्रवाह पहिल्याइतका परत येत नाही. (सिरॅमिक निदान ते धुणे सोसते, पॉलिमरचे मेम्ब्रेन लवकर हात टेकते.) धुण्याचे ते पाणी आणि आरओमधून उरणारे खारट पाणी शेवटी कुठे सोडायचे, याबद्दल इतक्या सविस्तर लेखात एकही ओळ नसावी, याचे आश्चर्य वाटते.