“किल्लारीला कुठे होती थेरपी?”

सप्टेंबर संपत आला की आमच्या नात्यागोत्याच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. सार असं: “किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा कुठे होती थेरपी? माणसं रडली, उठली, कामाला लागली. आजोबा-पणजोबांनीही सोसलंच की. काळ हेच औषध. जुन्या जखमेची खपली काढू नये. थेरपी हे शिकलेल्या, पैसेवाल्या लोकांचं परदेशी खूळ.” यंदा तो माझ्या सख्ख्या भावानं पाठवला. मग मात्र मला गप्प बसवेना.

“माणसं उठली, कामाला लागली.”

लागली, खरंच लागली. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. सरकारी आकडाही आठ हजारांच्या घरात जातो. माझी मावशी रडणाऱ्या धाकट्याला घेऊन अंगणात आली होती, थोरली आत झोपली होती. पुढे मावशी पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, रोजगाराला गेली, धाकट्याचं लग्न लावलं. लोक तिचं उदाहरण देतात.

पण तिच्या घरी मुक्काम करून बघा. पक्कं घर मिळून इतकी वर्षं झाली तरी थंडीतही ती दाराशी झोपायची, कडी लावू द्यायची नाही. रस्त्यानं भरलेला ट्रक गेला की भांडी वाजतात, तेवढ्यानं ती ताडकन उठून बाहेर पळायची. गणपती तर घरात बसलाच नाही परत. कामाला लागणं आणि बरं होणं यांतलं अंतर मी तिच्या उंबऱ्यावर पाहिलंय. आजोबा-पणजोबांनी सोसलं म्हणता, तेव्हा त्यांच्या रात्री कशा गेल्या हे कुणी विचारलं होतं का?

“काळ हेच औषध.”

पुष्कळांच्या बाबतीत हे खरं आहे. मोठ्या आघातानंतर बहुतेक माणसं घरच्यांच्या आधारानं काही महिन्यांत सावरतात, त्यांना थेरपी लागतच नाही. पण अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत पीटीएसडी (आघातानंतर मनाला जडून राहणारा त्रास) झालेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोक कित्येक वर्षांनीही बरे झालेले नव्हते. काळ त्यांच्यासाठी पुढे सरकलाच नव्हता. मावशीला भूकंप आठवत नसे, तो तिला पुन्हा होत असे.

“खपली काढू नये.”

यात अर्धं तथ्य आहे. दुर्घटनेच्या पहिल्याच दिवसांत माणसाला एकदा बसवून “सगळं सांग” म्हणण्यानं पीटीएसडी टळत नाही, हे अभ्यासांतून दिसलं आणि ती पद्धत मागे पडली. तेव्हा हवं असतं पाणी, पांघरूण, नातेवाइकांचा ठावठिकाणा आणि जवळ बसणारं कुणीतरी.

पण महिने-वर्षं उलटूनही त्रास तसाच असेल तर गोष्ट वेगळी. जी आठवण आपण रोज टाळतो, तिची भीती टाळण्यानंच जिवंत राहते. थेरपीत ती आठवण सुरक्षित खोलीत, आपल्या वेगानं, पुन्हा पुन्हा उलगडली जाते. थांबायचं कधी हे आपल्या हातात असतं. जखमेत मातीचा कण राहिला तर ती उघडून धुवावीच लागते ना?

मावशीच्या मनात तो कण होता एका वाक्याचा: “म्या थोरलीलाबी उचलायला पायजे होतं.” मावशी शेवटी ज्यांच्याकडे थेरपीला गेली, त्या समुपदेशक ताईंनी “तुमची चूक नव्हती” असं एकदाही म्हटलं नाही; ते आम्ही सगळे तीस वर्षं म्हणत आलो होतो. त्या विचारत राहिल्या: अंगणात आलात तेव्हा पुढे काय होणार हे ठाऊक होतं का? हादरे किती वेळ चालले? तेवढ्यात आत जाऊन परत येता आलं असतं का? सातव्या-आठव्या बैठकीत मावशी स्वतःच म्हणाली, “मला काय म्हाईत व्हतं?” आणि रडली. दुःख गेलेलं नाही, जाणारही नाही. ती आता कडी लावून झोपते.

“शिकलेल्या, पैसेवाल्यांचं खूळ.”

हे वाचून मला सगळ्यात जास्त राग आला. पूर्व काँगोमध्ये लैंगिक अत्याचार सोसलेल्या खेड्यांतल्या बायकांवर एक अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, आसपास हिंसाचार चालूच होता. प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक बायकांनीच गटात थेरपी दिली, जेमतेम १२ बैठका. आधी ७१ टक्के जणींना तीव्र नैराश्य किंवा चिंता होती, थेरपी संपल्यावर सहा महिन्यांनी ९ टक्के. नुसता आधार मिळालेल्या गावांत हेच प्रमाण ८३ वरून ४२ वर आलं. म्हणजे आधारानंही फरक पडला, थेरपीनं त्याहून बराच जास्त. पीटीएसडीच्या बाबतीतही असंच घडलं.

पैशांचा प्रश्न मात्र खरा आहे. खासगी थेरपी महाग आहे आणि तालुक्याला माणूस मिळत नाही. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा, सरकारी फोन नंबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही. फोनवर सगळा उपचार होत नाही, पण पुढे कुठे जायचं ते विचारता येतं. मावशीनं तो स्वतः लावला नाही. मी लावला, स्पीकरवर ठेवला आणि तिच्या शेजारी बसले.