नवा भिडू, जुना कळप

विरार फास्टमध्ये बोरिवलीचा प्रवासी चढला की आतली मंडळी त्याच्याकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर ज्याने झेलली आहे त्याने खुशाल वराहपालनात यावं. डुकरांच्या जुन्या कळपात नवं पिल्लू सोडलं की हेच होतं. फक्त इथे टोमण्यांऐवजी दात वापरतात.

यात दुष्टावा नाही, हे आधी सांगतो. डुकराला जन्मल्यापासून आपला नंबर माहीत असतो. पहिल्या काही दिवसांतच पिल्लं आईची आचळं वाटून घेतात, पुढची जास्त दुधाची दांडगटांना आणि मागची गरिबांना, आणि मग ज्याने-त्याने आपलंच धरायचं. अशा शिस्तीच्या घरात नंबर नसलेला पाहुणा आला, तर त्याचा नंबर लागेपर्यंत कुणाला चैन कशी पडणार? म्हणून एकटं पिल्लू आणू नका. सगळ्यांचा राग एकट्यावर निघतो. दोन-तीन आणली की मार वाटून जातो, आणि रात्री बिलगून झोपायला कुणीतरी असतं.

आणल्या आणल्या कळपात सोडायचं मात्र नाही. तीस दिवस वेगळ्या शेडमध्ये ठेवायचं, शक्यतो वारा कळपाकडून तिकडे जाईल अशा बाजूला. तिथली बादली वेगळी, गमबूट वेगळे, आणि चारापाणी आधी जुन्यांना, शेवटी नव्यांना. जंताचं औषध, खरुजेवरचा इलाज, क्लासिकल स्वाइन फीवरची (डुकरांच्या जुन्या तापाची) लस, हे सगळं डॉक्टरांना विचारून याच महिन्यात उरकावं. आफ्रिकन स्वाइन फीवर हा वेगळाच रोग, तो २०२० मध्ये आसाम-अरुणाचलातून देशात शिरला. त्यावर औषध नाही. त्यामुळे ‘पिल्लू दिसायला ठणठणीत आहे हो’ या विक्रेत्याच्या वाक्याला माझ्या लेखी काडीची किंमत नाही.

महिना झाला की आठवडाभर शेजारच्या कप्प्यात. मध्ये जाळी, म्हणजे नाकाला नाक लागेल पण कानाला दात लागणार नाही. जाळी खालून पक्की हवी, कारण डुक्कर कुठलीही वस्तू खालूनच उचलून बघतं. फाटक खुंट्यांवर टांगलेलं असेल तर वरची खुंटी तोंड खाली करून बसवा. नाहीतर पहाटे फाटक अंगणात आणि डुकरं शेजाऱ्याच्या भुईमुगात सापडतील.

आता मुख्य सोहळा. दहा-बारा किलोचं पिल्लू साठ किलोच्या धेंडांत सोडणं म्हणजे ओळख करून देणं नव्हे. वजनं जवळपास जुळली पाहिजेत, त्यासाठी थांबावं लागलं तरी थांबा. जागा अशी निवडा की कुणाच्याच मालकीची नाही: धुतलेला रिकामा कप्पा, आणि जुने-नवे सगळे एकदमच आत. वेळ संध्याकाळची, पोटं भरल्यावर. उन्हाळ्यात दुपारी मुळीच नको. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, भांडता भांडता ते आतून तापतं आणि कोसळतं. जमिनीवर भाताचा पेंढा जाड अंथरा, नाहीतर ओल्या काँक्रीटवर पाय फाकतात. मध्यभागी पेंढ्याच्या दोन-तीन गाठी ठेवा. हरलेल्याला जिंकणाऱ्याच्या नजरेआड जाता आलं की निम्मं भांडण तिथेच मिटतं. कोपऱ्यात अडकला तर मिटत नाही, कारण हरलेला पळाल्याशिवाय तो हरला हे समोरच्याला पटतच नाही.

निंबोळी तेल, व्हिनेगर, पावडर लावून सगळ्यांचा वास एक करायचा उपाय गावोगाव सांगतात. वास टिकतो तोवर गोंधळ टिकतो. नंतर डुकरं पुन्हा शुद्धीवर येतात आणि राहिलेलं काम पूर्ण करतात. अंगाला मात्र छान वास येतो, मालकाच्या.

भांडण बघण्यासारखं असतं, पण बघवत नाही. दोघं खांद्याला खांदा लावून गोल फिरतात, रेटतात, मानेला आणि कानाला चावतात, आणि असे किंचाळतात की रस्त्यावरचा माणूस थांबून विचारतो, ‘काय हो, कापताय का?’ दुसऱ्या दिवशी जखमांची जागा बघा. ओरखडे खांद्यावर, कानांवर असतील तर गडी लढला. ढुंगणावर, शेपटीकडे असतील तर तो नुसता पळतोय आणि मार खातोय. लक्ष द्यायचं ते या दुसऱ्याकडे. साध्या ओरखड्यांना जंतुनाशक पुरे, पावसाळ्यात माशा बसू देऊ नका. रक्त वाहत असेल, तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल किंवा उठतच नसेल, तर बाहेर काढा. हात मध्ये घालायचा नाही, प्लायवूडची फळी घालायची. तापलेल्याच्या अंगावर गार पाण्याची बादली एकदम ओतू नका. सावलीत नेऊन पाय भिजवा, खाली पाणी मारा.

खाणं एका गव्हाणीत टाकलं की दादा तिथे आडवा उभा राहतो, म्हणून पहिले काही दिवस जमिनीवर लांबलांब पसरून टाका. पाण्याची निपलं (तोंडाने दाबून प्यायच्या तोट्या) दोन, एकमेकांपासून दूर. दादाला दोन्हीकडे एकाच वेळी झोपता येत नाही, ही निसर्गाची कृपा.

मोठी धुमश्चक्री बहुधा पहिल्या दोन दिवसांत आटोपते, किरकोळ कुरबुरी आठवडाभर चालतात. या काळात मालकाला सर्वांत अवघड काम करायचं असतं: काही न करणं. दया येऊन रोज कुणाला तरी काढलं-घातलं की नंबर रोज नव्याने लागतात. आणि एखादं आजारी म्हणून वेगळं काढावंच लागलं, तर जाळीपलीकडे, कळपाच्या वासात ठेवा. लांब ठेवून दोन आठवड्यांनी परत आणलंत, तर घरचाच गडी पुन्हा बोरिवलीचा ठरतो.