टायटलमध्ये सगळं कोंबा म्हणे!

सेलर लोकांच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरायला लागलाय, ‘या ट्रिक वापरा, ऑनलाइन सेल दहापट’. थोडक्यात त्यात असं आहे की मालाच्या टायटलमध्ये बसतील तेवढे कीवर्ड (म्हणजे लोक सर्चमध्ये टाकतात ते शब्द) कोंबा, चालू असलेला ट्रेंडिंग शब्द लावा, फोटोवर मोठ्या अक्षरात ऑफर टाका, एमआरपी फुगवून डिस्काउंट दाखवा, घरच्यांकडून फाइव्ह स्टार मारून घ्या, आणि डिस्क्रिप्शन कोण वाचतंय, कॉपीपेस्ट करा. कोल्हापुरी चपला विकणारी आमच्याकडची पोरंपण हे जसंच्या तसं करायला निघालीयत, म्हणून चपलेचंच उदाहरण घेऊन लिहितोय.

टायटलपासून धरू. अ‍ॅमेझॉनवर जानेवारी २०२५ पासून बहुतेक कॅटेगरीत टायटलला स्पेस धरून २०० कॅरेक्टरची मर्यादा आहे, एकच शब्द दोनदाच्या वर चालत नाही, उद्गारचिन्हांची सजावटपण नाही. आणि समजा चाललं असतं तरी मोबाइलवर सर्चमध्ये पुढचे थोडेच शब्द दिसतात, तिथं ‘बेस्ट लेटेस्ट ट्रेंडी पार्टीवेअर’ येऊन बसलं तर चप्पल जेंट्स का लेडीज, चामड्याची का रेक्झिनची, हेच कळत नाही. ‘पुरुषांची कोल्हापुरी चप्पल, अस्सल चामडं, कापशी, टॅन’ (कापशी हा कोल्हापुरीचा एक प्रकार) एवढं पुढं आलं की बास. लोक जे उलटसुलट स्पेलिंग टाइप करतात ते माल चढवताना सेलरला भरायला मिळणाऱ्या ‘सर्च टर्म्स’च्या रकान्यात टाकायचं, तो गिऱ्हाइकाला दिसतच नाही. गंमत म्हणजे या रकान्याची मर्यादा अक्षरांवर नाही, बाइटवर (कॉम्प्युटरमध्ये अक्षर किती जागा खातं त्यावर) मोजतात. ‘कोल्हापुरी’ देवनागरीत लिहिलं की ३० बाइट गेले, इंग्रजी स्पेलिंगला ९. देवनागरी टाकूच नका असं नाही म्हणत, पण हिशोबानं टाका आणि टायटलमधलेच शब्द तिथं परत कोंबू नका.

ट्रेंडिंग शब्दाचं तर बोलायलाच नको. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन ब्रँडनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, केवढा गदारोळ झाला, आणि तेव्हापासून मशीनवर चिकटवलेल्या फोमच्या सँडललासुद्धा लोक ‘कोल्हापुरी’ लावतायत. अरे बाबांनो, २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव) मिळालाय या नावाला, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. खोटा जीआय लावल्याबद्दल कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड लिहिलाय. ट्रेंडसाठी एवढा धोका कशाला घ्यायचा!

फोटोवर ‘५० टक्के ऑफ’ लिहायचं? मेन फोटोला अ‍ॅमेझॉनचा नियम साफ आहे, बॅकग्राउंड शुद्ध पांढरं, वस्तूनं फ्रेमचा ८५ टक्के भाग व्यापलेला, त्यावर अक्षर नाही, लोगो नाही, वॉटरमार्क नाही. नियम मोडला की लिस्टिंग, म्हणजे तुमच्या मालाचं पान, सर्चमधून गायब होऊ शकते, मग ऑफर वाचणार कोण. जे सांगायचंय ते पुढच्या फोटोंत सांगा ना, खिडकीच्या उजेडात मोबाइलवरसुद्धा छान निघतात. तळाची जाडी शेजारी पट्टी ठेवून, बाजूचे कान जवळून, पट्ट्यावरची वेणी जवळून, चामड्याच्या वादीची शिवण दिसेल असा एक, आणि पायात घातलेली एक. अस्सल माल विकणाऱ्याचा फायदा इथंच आहे, नकली मालाला क्लोजअप परवडत नाही.

एमआरपीवर फार लिहीत नाही. बॉक्सवर छापलेली आणि लिस्टिंगवरची किंमत एकच पाहिजे, पॅक मालाची एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ता हे ऑनलाइन दाखवणं २०१८ पासून वजनमापाच्या नियमात बंधनकारक आहे. ६०० च्या चपलेवर २९९९ छापून आणलं तरी गिऱ्हाईक शेजारचे चार सेलर बघतंच.

घरच्यांचे रिव्ह्यू. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत सेलरनं ग्राहक बनून रिव्ह्यू टाकायला सरळ मनाई आहे, आणि प्लॅटफॉर्मनं पकडलं तर अकाउंटच जातं. त्यापेक्षा आलेले वन-स्टार वाचा, फुकटचा सल्ला असतो तो. ‘साइज छोटी आली’, ‘चावते’, ‘वास येतो’, ‘फोटोतल्या रंगाची नाही’, चपलेला साधारण हीच रड असते, आणि यातली अर्ध्याहून जास्त रड आधी लिहून ठेवली असती तर आलीच नसती असं माझं मत.

म्हणून ‘डिस्क्रिप्शन कोण वाचतंय’ हे मला सगळ्यात घातक वाटतं. रिटर्न आला की जाण्यायेण्याचं भाडं बहुतेक वेळा सेलरच्याच माथी पडतं, वर चप्पल घासून आली तर ती परत विकता येत नाही. मग लिहा की, बाबा, कागदावर पाय ठेवून टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटीमीटरमध्ये मोजा आणि चार्ट बघा, नुसतं ७-८-९ नको. लिहा की बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं चामडं आहे, सुरुवातीला वास येणार आणि कडक लागणार, तेल लावून थोडी थोडी घाला म्हणजे पायाला बसेल. हातानं रंगवलेली आहे, शेड थोडी इकडंतिकडं होईल. पावसात घालू नका. आणि करकर वाजणारी आहे का बिनआवाजाची, हे तर लिहाच, आपल्याकडं आवाजासाठी लोक जास्त पैसे देतात आणि बाहेरगावचं गिऱ्हाईक तोच आवाज डिफेक्ट समजून परत पाठवू शकतं.

मेसेजमधली एकच गोष्ट पटली, लिस्टिंग दर महिन्याला उघडून बघा म्हणून सांगितलंय. फक्त उघडाल तेव्हा कीवर्डच्या आधी रिटर्न रिपोर्टमधलं कारण बघा, साइजमुळं येत असतील तर चार्ट दुरुस्त करा, रंगामुळं येत असतील तर फोटो परत काढा.